प्राध्यापकांना शिकवायला कोण शिकवते?

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा तास. प्रयोग जुनाच आहे: सरल दोलकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढणे. तासावर देखरेखीला एक संशोधक विद्यार्थी आहे. पीएच.डी.चे काम करता करता तो पदवीच्या मुलांचे तासही घेतो. मुले वही घेऊन रांगेत उभी राहतात. तो पाहतो: आकृती आहे, तक्ता आहे, आलेख आहे, उत्तर ९.८१ आहे. सही. पुढची वही, पुन्हा ९.८१. सही. एका मुलीचे उत्तर ९.६८ आले. तो म्हणाला, ‘‘चुकलंय कुठंतरी, रीडिंग परत घे.’’ ती जागेवर गेली आणि दहा मिनिटांनी ९.८१ घेऊन परत आली. तिलाही सही मिळाली.

हे नागपुरातल्या एका महाविद्यालयात मी पाहिले. महाविद्यालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण अशा सह्या मी स्वतःही अनेक वर्षे केल्या आहेत. त्या तासात नेमके काय घडले ते मात्र नीट पाहू.

दोलकाची लांबी एक मीटर असेल, तर वीस दोलनांना साधारण चाळीस सेकंद लागतात. हाताने घड्याळ सुरू आणि बंद करताना सेकंदाच्या पाचव्या भागाइतकी चूक सहज होते. ही झाली अर्धा टक्का. सूत्रात दोलनकाळाचा वर्ग येतो, म्हणून उत्तरातली चूक दुप्पट, म्हणजे एक टक्का होते. थोडक्यात, या उपकरणाने आलेले प्रामाणिक उत्तर ०.१ इकडे किंवा तिकडे असणारच. वीस वह्यांमध्ये ९.७ पासून ९.९ पर्यंत उत्तरे विखुरलेली दिसली पाहिजेत, आणि एखादे त्याच्याही किंचित बाहेर. सगळ्यांचे ९.८१ येणे हीच संशयाची गोष्ट आहे.

आणखी एक गंमत आहे. नागपूर २१ अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. तेथे गुरुत्वत्वरणाचे मूल्य हिशेबाने ९.७९ च्या आसपास येते. ९.८१ हे ४५ अंशांच्याही पलीकडच्या, युरोपातल्या अक्षांशांचे मूल्य आहे. म्हणजे आपली मुले नागपुरात प्रयोग करतात आणि उत्तर युरोपचे लिहितात. त्या मुलीचे ९.६८ हे उत्तर नागपूरच्या खऱ्या मूल्यापासून जेमतेम एक टक्का दूर होते. उपकरणाच्या मानाने ते उत्तम होते आणि ते तिचे स्वतःचे होते. आपण ते तिला खोडायला लावले.

आता त्या संशोधक विद्यार्थ्याचा विचार करा. तो काही अडाणी नाही. स्वतःच्या संशोधनात तो प्रत्येक मापनाची त्रुटी काढतो. प्रयोगशाळेत कोणी आकडे जुळवून आणले तर तो चिडेल. मग पदवीच्या वर्गात शिरताच तो हे सारे दाराबाहेर का ठेवतो? कारण या दोन गोष्टींचा संबंध त्याला कोणी जोडून दाखवलेला नाही. वर्गात त्याचे काम काय, हेच त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याच्या वेळी त्याच्या सरांनी जे केले, तेच तो करतो आहे.

दोन महिन्यांत काय बदलते?

आपल्या व्यवस्थेतली ही विसंगती शाळेतल्या शिक्षकांना चटकन कळेल. नववीला विज्ञान शिकवायचे तर पदवीबरोबर बी.एड. लागते. बारावीला भौतिकशास्त्र शिकवायचे तर एम.एस्सी. आणि बी.एड. लागते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात शाळेतल्या अनुभवासाठी किमान वीस आठवडे ठेवले गेले. हीच बारावीची मुले दोन-तीन महिन्यांनी बी.एस्सी.च्या वर्गात बसतात. तेथे त्यांना शिकवणाऱ्याने एकही सरावपाठ घेतलेला नसला तरी चालते.

मग पात्रता कशी ठरते? १९८९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची नेट परीक्षा सुरू झाली. सप्टेंबर १९९१ च्या नियमांनी ती किंवा राज्याची सेट परीक्षा अधिव्याख्यातापदासाठी आवश्यक ठरवली. महाराष्ट्रात या नियमावरून किती वर्षे वाद आणि आंदोलने झाली, हे वाचकांना ठाऊक आहेच. पण नेटधारक की बिगरनेटधारक या वादात एक प्रश्न मागेच राहिला: ही परीक्षा शिकवण्याबद्दल काय तपासते?

सामाजिक शास्त्रे आणि भाषा या विषयांच्या नेटमध्ये एक सामाईक प्रश्नपत्रिका असते. तीत अध्यापनक्षमतेवर काही प्रश्न असतात. चार पर्यायांतून एक निवडायचा. ‘चर्चापद्धती उपयुक्त असते’ या पर्यायावर खूण करणे आणि चाळीस मुलांच्या वर्गात चर्चा घडवून आणणे, यांत किती अंतर आहे ते शिक्षकांना सांगायला नको. तरीही निदान प्रश्न तरी असतात. विज्ञान विषयांसाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेबरोबर संयुक्तपणे होणाऱ्या नेटमध्ये तेवढेही नाही. भौतिकशास्त्राच्या २०० गुणांपैकी ३० गुण सर्वसाधारण बुद्धिमापनाचे: तर्क, आलेखवाचन, संख्यांची कोडी. उरलेले १७० विषयाचे. विज्ञानाचा प्राध्यापक होण्याच्या या मुख्य परीक्षेत शिकवणे या कामासाठी एकही गुण राखलेला नाही.

नियमातल्या दोन तिरक्या रेघा

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही उणीव ओळखली, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. धोरणात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. पीएच.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाशी संबंधित श्रेयांक असलेले अभ्यासक्रम पूर्ण करावेत, ही एक. आणि प्रत्यक्ष शिकवण्याचा किमान ठरावीक तासांचा अनुभव घ्यावा, ही दुसरी.

धोरणानंतर नियम आले. पीएच.डी.साठीची किमान मानके ठरवणारे आयोगाचे विनियम ७ नोव्हेंबर २०२२ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले. त्यांतले संबंधित कलम दोन वाक्यांचे आहे. पहिल्या वाक्याचा आशय असा: सर्व विद्यार्थ्यांनी आपल्या विषयाशी निगडित अध्यापन/शिक्षण/अध्यापनशास्त्र/लेखन यांचे प्रशिक्षण घेणे आवश्यक राहील. दुसऱ्याचा आशय असा: त्यांना आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन/संशोधन साहाय्याचे काम, म्हणजे ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापन, देता येईल.

धोरण आणि विनियम शेजारी ठेवून वाचले की काय गळाले ते दिसते. ‘श्रेयांक’ हा शब्द गेला. ‘किमान तास’ गेले. जे सक्तीचे आहे, त्याला तास नाहीत, श्रेयांक नाहीत, परीक्षा नाही. ज्याला तास आहेत, ते सक्तीचे नाही; ते ‘देता येईल’. पहिल्या वाक्यातली तिरकी रेघ तर फारच उदार आहे. अध्यापन किंवा लेखन असा तिचा अर्थ लावला, तर शोधनिबंध कसा लिहावा यावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेनेही अट पुरी होते. दुसऱ्या वाक्यातली रेघ तशीच. अध्यापनाऐवजी मार्गदर्शकाच्या प्रयोगशाळेतले काम करून घेतले तरी तेही ‘साहाय्य’च.

कोणी मुद्दाम पळवाट ठेवली, असे माझे म्हणणे नाही. देशभरातल्या शेकडो विद्यापीठांना एकच नियम लावायचा, तर तो सैल ठेवावा लागतो. पण सैल नियमाचे पुढे काय होते, हेही आपण पाहिले आहे. ज्याची तपासणी होत नाही ते कागदावर पूर्ण होते.

नेमणुकीनंतरचे प्रशिक्षण

‘‘प्रशिक्षण असतेच की,’’ असे यावर कोणी म्हणेल. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. नागपूर विद्यापीठातही निघाले. पुढे त्यांचे नाव मनुष्यबळ विकास केंद्र झाले आणि २०२३ पासून ती मालवीय अभियानाखाली आली. चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, अशी त्यांची जुनी रचना प्राध्यापकांच्या चांगल्या परिचयाची आहे. तेथे वेगवेगळ्या विषयांचे लोक एकत्र येतात, नवे ऐकायला मिळते, ओळखी होतात. हा लाभ लहान नाही.

पण या व्यवस्थेत दोन मूलभूत अडचणी आहेत. पहिली वेळेची. प्रशिक्षण नेमणुकीनंतर मिळते आणि पदोन्नतीशी जोडलेले असते. तोवर शिक्षकाच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या गेलेल्या असतात आणि त्याच्या सवयी पक्क्या झालेल्या असतात. दुसरी आशयाची. मी केलेल्या अशाच एका वर्गात अध्यापनपद्धतींवर एक विद्वत्तापूर्ण व्याख्यान झाले. व्याख्यानपद्धतीच्या मर्यादा वक्त्यांनी दीड तास व्याख्यान देऊन समजावल्या. आम्ही सर्वांनी टिपणे घेतली. भौतिकशास्त्राचे आम्ही तिघे होतो. दोलकाच्या तासाला मुलांना काय विचारावे, हा प्रश्न कोणाच्याच मनात आला नाही.

शिकवणे हे असे सर्वसाधारण, विषयाबाहेरचे कौशल्य नाही. खडू कसा धरावा, आवाज कसा फेकावा, हा त्याचा लहानसा भाग. मुख्य भाग आहे आपलाच विषय शिकणाऱ्याच्या बाजूने पुन्हा पाहणे.

पाच दिव्यांचा प्रश्न

अमेरिकेत सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बाजूने अनेक वर्षे संशोधन केले. त्यांचा एक प्रश्न प्रसिद्ध आहे. पाच सारखे दिवे आणि तीन सारख्या आदर्श बॅटऱ्या घ्या. पहिल्या बॅटरीला ‘अ’ हा एकच दिवा जोडा. दुसरीला ‘ब’ आणि ‘क’ एकसरीत. तिसरीला ‘ड’ आणि ‘इ’ समांतर. पाचही दिवे तेजाच्या क्रमाने लावा आणि कारण सांगा.

उत्तर असे: अ, ड, इ सारखेच तेजस्वी, ब आणि क एकमेकांसारखे, पण मंद. समांतर जोडणीत प्रत्येक दिव्याला पूर्ण विद्युतदाब मिळतो, म्हणून बॅटरीला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो. सूत्र एकही लागत नाही. तरीही पदवीच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांनाच हे बरोबर सांगता आले. नेहमीच्या पद्धतीने पाठ शिकवून झाल्यावरही फारसा फरक पडला नाही. काही मुलांना वाटत होते की प्रवाह वाटेत खर्च होतो, म्हणून क हा ब पेक्षा मंद. काहींना वाटत होते की बॅटरी ठरलेलाच प्रवाह देते, म्हणून ड आणि इ यांना निम्मा निम्मा मिळतो. आपल्यासाठी महत्त्वाचा आकडा पुढे आहे. त्यांना शिकवायला नेमलेल्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांचे उत्तर बरोबर होते. म्हणजे दर दहांतले तीन शिकवणारेही या शालेय प्रश्नात अडखळले.

यावर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. दर आठवड्याला संशोधक विद्यार्थ्यांची एक बैठक. पुढच्या ट्यूटोरियलचा प्रश्नसंच आधी त्यांनी स्वतः सोडवायचा, मुलांसारखाच, गटात बसून. मुलांनी दिलेली उत्तरे वाचायची आणि त्यांमागचा विचार ओळखायचा. अनुभवी शिक्षक त्यांना उत्तर सांगत नाहीत, प्रश्न विचारतात. मग वर्गात गेल्यावर त्यांनीही तेच करायचे. यात अध्यापनशास्त्राची परिभाषा फारशी नाही. विषय आहे, विद्यार्थी आहे आणि दोघांमध्ये कोठे अडते याचा शोध आहे.

नागपुरात काय करता येईल?

हे करायला सिॲटलचा पैसा लागत नाही. पाच टॉर्चचे दिवे, तीन बॅटऱ्या आणि आठवड्यातला एक तास लागतो. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. त्याच्या शताब्दी वर्षात, हे विनियम निघाल्यावर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस त्याच्याच आवारात भरली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांतली महाविद्यालये त्याच्या कक्षेत येतात. आयोगाचे विनियम ‘किमान मानके’ सांगतात. विद्यापीठाने आपल्या अधिकारात त्यांहून अधिक अपेक्षा ठेवण्याला त्यांची आडकाठी नाही.

तीन गोष्टी सुचवतो. पहिली, आठवड्याच्या चार ते सहा तासांतला एक तास तयारीचा असावा. त्यात संशोधक विद्यार्थ्यांनी येत्या आठवड्याचे प्रात्यक्षिक स्वतः करून पाहावे आणि मुलांना विचारायचे प्रश्न ठरवावेत. दुसरी, प्रत्येकाच्या तासाचे सत्रातून दोनदा निरीक्षण व्हावे. निरीक्षकांत एक शाळेतला किंवा कनिष्ठ महाविद्यालयातला अनुभवी शिक्षक असावा. तिसरी, या कामाला श्रेयांक असावेत. आठवड्याला चार तास धरले, तर पंधरा आठवड्यांचे साठ तास होतात. प्रात्यक्षिकाचे तीस तास म्हणजे एक श्रेयांक या हिशेबाने हे दोन श्रेयांक. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमासाठी किमान बारा श्रेयांक लागतातच. त्यांत हे दोन बसवता येतील.

संशोधक विद्यार्थी या कामाला अयोग्य आहे असे समजू नये. उलट तोच सर्वांत जवळचा आहे. काटोल-उमरेडहून मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकात कोठे अडखळतो, हे चाळिशी ओलांडलेल्या प्राध्यापकापेक्षा पाच-सहा वर्षांपूर्वी तेथेच अडखळलेल्याला अधिक आठवते. ‘दोलन’ म्हणजे ‘ऑसिलेशन’, हे तो एका वाक्यात जोडून देऊ शकतो. ही आठवण पुसली जाण्याआधी तिचा उपयोग करून घ्यायला हवा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: चांगले शिक्षक जन्मावे लागतात. काही जन्मतातही. पण महाविद्यालये त्या मोजक्यांवर चालत नाहीत. नववीच्या शिक्षकाला जे शिकता येते ते प्राध्यापकाला शिकता येणार नाही, असे मानणे हा प्राध्यापकांचाच अपमान आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडूनच येईल: बी.एड.चे सरावपाठ, रंगीत तक्ते आणि पाठ टाचणे यांचे काय झाले ते आम्हाला विचारा. हा आक्षेप खरा आहे. टाचण निरीक्षकासाठी लिहायचे आणि पाठ वेगळाच घ्यायचा, हा अनुभव अनेकांनी घेतला आहे. म्हणूनच विद्यापीठाने बी.एड.ची नक्कल करू नये. विधीचा सोस नको. त्या त्या विषयाच्या विभागात, त्या त्या आठवड्याच्या पाठावर, विषय जाणणाऱ्यांनीच ही तयारी घडवावी.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. अध्यापनाच्या नावाखाली संशोधक विद्यार्थ्यांना स्वस्त मजूर केले जाईल. महाराष्ट्रात पुष्कळ पीएच.डी.धारक आणि संशोधक विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवत आले आहेत. तासागणिक पैसे, पुढच्या सत्राची खात्री नाही, आणि पूर्ण वर्गाची जबाबदारी. म्हणजे शिकवणे त्यांच्याकडे आधीच आले आहे; आले नाही ते मार्गदर्शन. त्यामुळे सहा तासांची मर्यादा कठोरपणे पाळली पाहिजे. रिक्त पदाचे काम या तासांत ढकलता कामा नये. देखरेखीशिवाय घेतलेला तास प्रशिक्षण म्हणून मोजूच नये. ही अट नसेल, तर मी वर सुचवलेल्या तीनही गोष्टी न केलेल्या बऱ्या.

हा प्रश्न विद्यापीठाचा असला तरी त्याची किंमत शाळेलाही मोजावी लागते. ९.८१ लिहून आणणारी ती मुलगी उद्या बी.एड. करून आपल्याच शाळेत विज्ञान शिकवायला येईल. मोजलेले आकडे बदलून बरोबर उत्तर आणायचे असते, हे ती पदवीच्या प्रयोगशाळेत शिकली आहे. तिच्या वर्गातली मुलेही तेच शिकतील.

वाचकांना एक काम सुचवून थांबतो. एक मीटर दोरा आणि एक जड नट घ्या. वर्गातल्या मुलांचे गट करून प्रत्येक गटाला वीस दोलने मोजायला सांगा. आलेली सगळी उत्तरे फळ्यावर लिहा; एकही खोडू नका. ती का विखुरली, यावर तासभर बोला. आणि आपला एखादा माजी विद्यार्थी पीएच.डी. करत असेल, तर त्याला त्या तासाला मागच्या बाकावर बसवा.